धंदेशिक्षणांतील समन्याय : अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव

शेतकऱ्याच्या घरीं चार भावंडें असलीं म्हणजे जमीन सर्वांना पुरत नाहीं, हें सांगण्यास तज्ज्ञ लागत नाहीं. ज्याचें आयुष्य खातेफोडीच्या नोंदी लिहिण्यांत गेलें त्याला तर तें पुरतें ठाऊक आहे. मग उरलेल्या मुलांनीं, आणि मुलींनींही, कोणतें कसब शिकावें, व शिकल्यावर त्यावर पोटापुरतें मिळेल कीं संसारापुरतें, हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा विचार शंभरांहून अधिक वर्षें चालला आहे. तेथील अनुभव वाचकांपुढें ठेवण्याजोगा वाटतो.

इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें इ. स. १९०१ मध्यें शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर व तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनीं दोन वर्षांच्या उच्च शिक्षणाचा वर्ग काढला. पहिल्या खेपेस विद्यार्थी अवघे सहा होते. पुढें अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगानें १९४७ सालीं अशा संस्थांस ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव रूढ केलें. आज त्या देशभर हजाराच्या आसपास आहेत. प्रवेशास गुणांची चाळण बहुधा नसते, फी विद्यापीठाहून पुष्कळ कमी असते, वर्ग संध्याकाळींही भरतात आणि वयाची अट नसते. परिचर्या, जोडकाम, मोटारदुरुस्ती, शेतीचीं यंत्रें असे विषय तेथें शिकवितात.

दार उघडें ठेवलें म्हणजे न्याय झाला असें मात्र नाहीं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें शेती, कारखानदारी व गृहशास्त्र यांच्या शिक्षणास मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. पण मुलांनीं यंत्राकडे जावें, मुलींनीं शिवण-स्वयंपाकाकडे, आणि कृष्णवर्णीयांच्या वांट्यास हलक्या वेतनाचीं कामें यावींत, अशी वहिवाट पडली. ‘एक होता कार्व्हर’ या वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळें टस्कीगीची संस्था मराठी वाचकांस परकी नाहीं. ती १८८१ पासून चालविणारे बुकर वॉशिंग्टन म्हणत, आधीं हाताला कसब, मग बाकीचें. ड्यू बॉइस यांनीं १९०३ सालीं यास जाहीर हरकत घेतली. एखाद्या समाजास केवळ हातकामच शिकविलें तर वरचा दरवाजा कायमचा बंद होतो, असें त्यांचें म्हणणें होतें. माझ्या मतें दोघांनाही अर्धें खरें दिसलें होतें. त्या दोन अर्ध्यांची सांधणी करणें हेंच आज तेथील धंदेशिक्षण-विभागाच्या प्रमुखाचें मुख्य काम होऊन बसलें आहे.

१९७२ च्या कायद्यानें सरकारी मदतीच्या शाळा-कॉलेजांत स्त्रीपुरुषभेदास बंदी झाली. १९८४ सालीं कार्ल पर्किन्स यांच्या नांवाचा धंदेशिक्षणाचा कायदा झाला. त्याची शेवटची मोठी सुधारणा २०१८ ची. त्याअन्वयें कॉलेजास नुसती बेरीज देऊन भागत नाहीं. स्त्रिया, निरनिराळे वंश, गरीब, अपंग, एकटे पालक, इंग्रजी नीट न येणारे, बेघर अशा प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, तफावत दिसल्यास ती दूर करण्याचा उपाय सांगावा लागतो, आणि दर दोन वर्षांनीं स्थानिक गरजेची पाहणी करावी लागते.

याचें महत्त्व आपणांस पैसेवारीवरून चटकन समजेल. गांवाची पैसेवारी पन्नासावर लागली कीं गांव सुखी ठरतो. पण कालव्याच्या शेपटाकडील रान करपलेलें असतें, तें त्या आकड्यांत दिसत नाहीं. कॉलेजाचेंही असेंच. शंभरांतील साठ विद्यार्थी उत्तीर्ण झाले हा आकडा चांगला वाटतो. परंतु त्यांतील बायका बालसंगोपनाच्या तुटपुंज्या पगाराच्या वर्गांत आणि पुरुष जोडकामाच्या वर्गांत असतील, तर तें साठ फसवें आहे. म्हणून चांगला प्रमुख तीन ठिकाणीं पाहतो : कोणत्या वर्गांत कोण बसलें, मध्येंच कोण सुटलें, आणि सुटून गेलेल्या व शिकून निघालेल्या प्रत्येकाच्या हातीं पगार काय पडला.

सुटण्याचीं कारणें बहुधा बुद्धीचीं नसतात. पूर्वी तेथें कच्च्या विद्यार्थ्यांस आधीं अंकगणिताच्या वेगळ्या वर्गांत घालीत. त्यांतील पुष्कळ मूळ धंद्याच्या वर्गापर्यंत पोंचतच नसत. वॉशिंग्टन संस्थानांत यावर तोड निघाली : एकाच वर्गांत दोन शिक्षक, एक धंदा शिकवितो व दुसरा त्याच कामांतून भाषा व गणित पक्कें करून घेतो. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठानें २००७ पासून प्रवासाचा पास, पुस्तकें आणि वरचेवर भेटणारा सल्लागार देण्याची योजना चालविली. ती केवळ धंदेशिक्षणाची नव्हे; पण तिची चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांवर परीक्षा झाली, तेव्हां तीन वर्षांत पदवी घेणारे शेंकडा २२ चे ४० झाले. दर विद्यार्थ्यामागें खर्च वाढला, दर पदवीमागें मात्र तो कमी पडला. खर्चाची ही दुसरी बाजू आपल्या हिशेबनिसांच्या लक्षांत सहसा येत नाहीं!

आपल्याकडे जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें हीच तक्रार वेगळ्या शब्दांत मांडली होती : सारा रयतेचा आणि त्यावरील विद्या वरच्या वर्गांची. आयटीआय आतां तालुक्यातालुक्यांत आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें बाराव्या योजनेंत (२०१२–१७) कम्युनिटी कॉलेजांचीही योजना आणली. आपलें मूल तेथें घालण्यापूर्वीं प्रमुखांस भेटावें व एवढेंच विचारावें : गेल्या तीन वर्षांत वायरमनच्या वर्गांत मुली किती बसल्या, त्यांतील किती टिकल्या, किती कामास लागल्या, आणि संध्याकाळची शेवटची एस. टी. कितीला निघते.