वीस गोळ्यांचं उत्तर

माहेरी सांगलीला आले की एक प्रश्न ठरलेला असतो. "बँकेतली नोकरी सोडून या वयात सिस्टर कशाला झालीस गं?" विचारणाऱ्यांच्या आवाजात काळजी असते, म्हणून राग येत नाही.

मी बी.कॉम. लग्नानंतर इंग्लंडला गेले आणि तिथेही बँकेतच हिशेब सांभाळले. सासरे आजारी पडले तेव्हा सहा आठवडे रुग्णालयात जाऊन बसत होते. रात्रपाळीची परिचारिका त्यांचे श्वास मोजायची, दर थोड्या वेळाने कूस बदलायची. हे काम मला शिकायचं होतं. तेव्हा माझं वय अडतीस होतं.

आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. वाणिज्य शाखेवाल्यांना जीएनएम पदविकेचा मार्ग असतो, पण त्यालाही वयाची अट आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या वयाच्या लोकांसाठी 'ॲक्सेस' नावाचा अभ्यासक्रम असतो. तो एक वर्ष केला की विद्यापीठाकडे अर्ज करता येतो. तिथे २०१३ पासून नव्याने परिचारिका व्हायचं तर पदवीच घ्यावी लागते. ती साधारण तीन वर्षांची. प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य आणि बौद्धिक अक्षमता या चार शाखांपैकी एक निवडायची.

खर्चाचंही सांगते. पूर्वी या विद्यार्थ्यांची फी सरकार भरत असे. २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांना कर्ज काढावं लागतं. २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंड अनुदान मिळतं, ते परत करायचं नसतं. पण परदेशातून थेट शिकायला येणाऱ्यांना ते नाही. आमच्या घरात तीन वर्षं एकच पगार होता.

निम्मा अभ्यास वर्गात, निम्मा प्रत्यक्ष वॉर्डात. वॉर्डातली पाळी अनेकदा बारा तासांची. मुलाची शाळा आणि माझी पाळी यांचा मेळ नवऱ्याने घातला.

औषधांच्या गणिताच्या परीक्षेची मात्र मला मुळीच भीती नव्हती. आकडेमोडीतच आयुष्य गेलं होतं! या परीक्षेत शंभरपैकी शंभरच लागतात, नव्व्याण्णव म्हणजे नापास. प्रश्न हृदयाच्या एका औषधाचा होता. रुग्णाला ०.१२५ मिलिग्रॅम द्यायचं आणि एक गोळी ६२.५ मायक्रोग्रॅमची. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे १२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या. माझं दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि मी लिहिलं, वीस.

बाईंनी मला गोळ्या देण्याची छोटी वाटी दाखवली. "यात वीस गोळ्या घालून तू रुग्णापुढे धरली असतीस का?" मी गप्प झाले. बँकेतली चूक संध्याकाळी ताळा जुळवताना सापडते आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. पोटात गेलेली गोळी परत काढता येत नाही. मी आकडा काढला होता, पण तो कुणाच्या पोटात जाणार हे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी पास झाले. आता उत्तर आलं की आधी ती वाटी डोळ्यांपुढे आणते.

चाळिशीजवळ येऊन शिकायचं तर जुनं ज्ञान उपयोगी पडतं, पण जुना आत्मविश्वास थोडा बाजूला ठेवावा लागतो. निर्णय घेण्याआधी घरच्यांशी पैशांचं आणि वेळेचं स्पष्ट बोला, जमल्यास रुग्णसेवेचं थोडं काम करून पाहा. आणि सासऱ्यांबद्दल विचाराल तर ते बरे होऊन घरी आले. माझ्या पदवीदान समारंभात पहिल्या रांगेत बसले होते.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)