गायनाचा सराव : हेतू आणि मोकळीक

शाळेतील गायनाचा तास पुष्कळदा एकाच रीतीने पार पडतो. शिक्षक ओळ म्हणतात, मुले ती मोठ्याने म्हणतात, आणि गीत पाठ झाले की काम संपले असे मानले जाते. या रीतीने शब्द मुखोद्गत होतात खरे. परंतु पाचव्या वेळी गीत पहिल्यापेक्षा सुरेल झाले काय, हे कोणी पाहत नाही. नुसती पुनरावृत्ती म्हणजे सराव नव्हे. कोणती उणीव दूर करावयाची हे आधी ठरवून केलेली पुनरावृत्ती म्हणजे सराव होय.

या दृष्टीने पंडित कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे उदाहरण मननीय आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार बालपणीच नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब म्हणत. १९३६ साली ते मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास आले. नक्कल त्यांना येतच होती. पद्धतशीर विद्या त्यांना येथे मिळाली. पुढे क्षयरोगाने त्यांना गाठले. १९४८ साली ते देवास येथे राहावयास गेले आणि कित्येक वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. त्या काळात कानावर पडणारी माळव्यातील लोकगीते त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. त्यांतील धुनांवरून त्यांनी मालवती, संजारी यांसारखे राग बांधले. १९६५ साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. हेतुपूर्वक ऐकणे हाही सरावच आहे. आणि नवनिर्मितीची मोकळीक ही शिस्तीच्या विरुद्ध नसून शिस्तीतूनच लाभते.

वाशीम जिल्ह्यातील शिक्षकांस अशी सामग्री दूर शोधावयास नको. मुली कोजागिरीच्या सुमारास भुलाबाईची गाणी म्हणतात. बंजारा तांड्यांवर होळीला डफाच्या तालावर लेंगी गातात. गावोगावी भजनी मंडळी टाळ-मृदंग वाजवितात. मुले ही गाणी घरूनच शिकून येतात. वर्गात त्यांना स्थान दिल्यास, एरवी गप्प बसणारे तांड्यावरील मूलही त्या दिवशी इतरांचा शिक्षक होते.

प्रत्यक्ष सरावास पंधरा मिनिटे पुरेत. आरंभी एकच हेतू सांगावा. उदाहरणार्थ, ‘आज सर्वांनी पहिला स्वर एकत्र धरावयाचा’ किंवा ‘आज शेवटची ओळ घाईने म्हणावयाची नाही’. पेटी नसल्यास मोबाइलवरील तानपुराही चालेल. शिक्षकाची सोयीची पट्टी मुलांना सोयीची असतेच असे नाही. म्हणून मुलांचे आवाज जेथे न ओरडता लागतील तो स्वर निवडावा. नंतर अर्ध्या वर्गाने गावे, अर्ध्याने ऐकावे व काय सुधारले ते सांगावे. चुकलेली ओळ तेवढीच काढून, सावकाश दोनतीन वेळा म्हणावी. संपूर्ण गीत पुन्हा पुन्हा म्हणण्याचे कारण नाही.

अखेरची पाच मिनिटे मोकळी ठेवावीत. मात्र मोकळीक म्हणजे गोंधळ नव्हे. टाळीचा ठेका कायम ठेवून एखाद्या मुलाने ओळीचा शेवट निराळ्या चालीने करावा, अथवा भुलाबाईच्या गाण्यात आपल्या शेताचे, बैलाचे, आजीचे नाव घालून नवी ओळ रचावी. ठेका सुटला नाही, एवढेच पाहावे. रचना चांगली की वाईट याचा निवाडा करू नये.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. सूर न लागणाऱ्या मुलास ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते, तेव्हा समूहगीत कदाचित सुबक होते. पण ते मूल पुढे जन्मभर गात नाही. पुष्कळ मुलांचा सूर न लागण्याचे कारण ऐकण्याची सवय नसणे हेच असते, आणि ती सवय लावता येते. अशा मुलास चांगल्या गाणाऱ्याशेजारी बसवावे, हळू आवाजात एकच स्वर धरावयास सांगावे आणि काही आठवडे धीर धरावा. स्पर्धेतील बक्षिसाहून त्या मुलाचा मोकळा झालेला कंठ ही शाळेची मोठी मिळकत होय.