भाव नेमका काय सांगतो?

पूर्णगडच्या किल्ल्याखालची वस्ती घ्या किंवा मुचकुंदीच्या पलीकडचं गावखडी घ्या, एके काळी इथल्या बऱ्याच घरांतला एखादा तरी माणूस मुंबईला गिरणीत असायचा. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की आमची आजी आधी रक्कम विचारायची. कधी ती कमी असायची. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी असत, ‘या महिन्यात खर्च जास्त झाला.’ खर्च कशावर झाला हे आजीला ठाऊक असे, पण तो शब्द ती उच्चारत नसे. तो शब्द होता मटका.

मटक्याचा जन्म कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत येत आणि लोक त्यांच्यावर पैसे लावत. १९६१ मध्ये हे थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. आकडा पत्ते काढून ठरू लागला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र कापसाच्या बाजारातलेच राहिले.

आता याचा हिशोब पाहू. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर नऊ रुपये मिळत. समजा, दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला. गोळा झाले दहा, वाटले गेले नऊ. उरलेला रुपया कुणाचा? आकडा कोणताही येवो, तो रुपया मटकेवाल्याचाच. ‘पंजा बरेच दिवस आला नाही, आता येणारच,’ असं खेळणारा म्हणे. पण पत्त्यांना कालचं काही आठवत नसतं.

मटक्यात भाव ठरलेला असतो. मुष्टियुद्धावरच्या पैजेत तो हलतो, आणि इथेच माणूस जास्त फसतो. एखाद्या मुष्टियोद्ध्याचा भाव ‘एकास चार’ आहे, म्हणजे रुपया लावून तो जिंकला तर चार रुपये नफा आणि आपला रुपया परत. याचा अर्थ त्याची जिंकण्याची शक्यता पाचांत एक, म्हणजे शंभरात वीस धरली आहे. समोरच्यावर पाच लावले तर नफा एकच रुपया. म्हणजे त्याची शक्यता सहांत पाच, शंभरात सुमारे त्र्याऐंशी. वीस आणि त्र्याऐंशी मिळून झाले एकशेतीन! खऱ्या शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊच शकत नाही. हे वरचे तीन म्हणजे बुकीचं कमिशन.

हा भाव हलवतं कोण? आपल्या बंदरावरच्या मासळीच्या लिलावाची आठवण करा. गिऱ्हाईक वाढलं की भाव चढतो. मासा तोच असतो. २६ ऑगस्ट २०१७ रोजी लास व्हेगासला फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांची लढत झाली. मेवेदर तोपर्यंत एकोणपन्नास लढतींत अजिंक्य होता. मॅकग्रेगर दुसऱ्या प्रकारच्या कुस्ती-लढतींतला नामवंत. व्यावसायिक मुष्टियुद्धाची त्याची ही पहिलीच वेळ. पण तो बोलघेवडा आणि लोकांचा लाडका. छोट्या-छोट्या रकमांच्या असंख्य पैजा त्याच्या नावावर लागल्या आणि त्याच्यावर मिळणारा नफा घसरत घसरत साधारण एकास चार-पाचवर आला. या काळात मॅकग्रेगरचा ठोसा काही बदलला नव्हता, बदललं होतं लोकांचं मत. दहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि मेवेदर जिंकला.

मग ज्याच्याकडे भावाचं पारडं झुकलेलं असेल त्याच्यावरच पैसे लावावेत का? तेही नाही. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माइक टायसनसमोर बस्टर डग्लस उभा राहिला, तेव्हा लास व्हेगासला डग्लसचा भाव होता एकास बेचाळीस. दहाव्याच फेरीत डग्लसनं टायसनला आडवं केलं. बेचाळीसचा भाव म्हणजे ‘कधीच नाही’ असं नव्हे. त्रेचाळिसांत एकदा, एवढंच तो सांगत होता, आणि तेही लोकांच्या पैशानं वाकवून. डग्लसचं उदाहरण सगळ्यांना आठवतं, कारण असं क्वचित घडतं. त्याच्यासारख्याच मोठ्या भावाचे जे हरले, त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही.

आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासूनचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदाही केला. तरी चोरवाटा उरतातच. पूर्वी चिठ्ठी घ्यायला कोपऱ्यावर जावं लागे. आता अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर भाव दिसतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून घरातल्या तरुण पोरांना एवढं गणित जरूर शिकवा. भाव दिसला की त्याची शक्यता काढायची, दोन्ही बाजूंची बेरीज करायची आणि शंभराच्या वर किती जातं ते पाहायचं. ती वरची रक्कम रोज कुणाच्या तरी खिशातून जात असते. आमच्या आजीच्या वेळी ती मनीऑर्डरीतून जात होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)