नवऱ्याचे शैक्षणिक कर्ज आणि बायकोचा टॅक्स रिफंड : सही कुठे केली, ते आधी पाहा

कर्जत-खालापूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो. नवऱ्याने शिक्षणासाठी कर्ज काढले, मनासारखी नोकरी लागली नाही, हप्ते थकले. बायको कंत्राटी नोकरी करते. तिच्या पगारातून टीडीएस कापला जातो आणि विवरणपत्र भरले की त्यातले काही पैसे परत येतात. हा रिफंड बँक नवऱ्याच्या कर्जात वळता करू शकते का?

केवळ लग्न झाले म्हणून नाही. पण तिने कर्जाच्या कागदावर सही केली असेल किंवा रिफंड संयुक्त खात्यात येत असेल, तर धोका आहे.

भारतात नवरा-बायकोचे विवरणपत्र एकत्र भरले जात नाही. प्रत्येकाचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळे, रिफंडही वेगळा. अमेरिकेत जोडपी एकत्र विवरणपत्र भरू शकतात. तिथे एकाचे सरकारी शैक्षणिक कर्ज थकले तर दोघांचा रिफंड अडकू शकतो आणि आपला वाटा सोडवायला दुसऱ्याला ८३७९ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. आपल्याकडे आयकर खाते तिचा रिफंड तिच्याच थकीत करापोटी वळता करू शकते, नवऱ्याच्या बँकेच्या कर्जापोटी नाही.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची असते. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठीच बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा हक्क बँकेच्या काउंटरवरही आपला आहे.

मग अडचण कुठे येते? दोन ठिकाणी.

पहिली, सही. शैक्षणिक कर्जाला साधारणपणे आई-वडील सहकर्जदार असतात. विद्यार्थी विवाहित असेल तर जोडीदारालाही सहकर्जदार करता येते. सहकर्जदार म्हणजे कर्जदारच. जामीनदाराचेही तसेच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अशी सही असेल तर खाते बदलून सुटका होत नाही.

दुसरी, संयुक्त खाते. एकाच्या वैयक्तिक कर्जापोटी दोघांच्या खात्यातले पैसे परस्पर घेता येत नाहीत, हे सर्वसाधारण तत्त्व आहे. पण खाते उघडताना किंवा कर्ज घेताना छापील अटींमध्ये आपण तशी संमती देऊन बसलेलो असू शकतो. त्या अटी बहुतेक कोणी वाचत नाही.

म्हणून बहिणींनी हे करावे :

१. कर्जाच्या कराराची प्रत मागून आपली सही कोणत्या नात्याने आहे ते पाहावे.

२. सही नसेल तर केवळ स्वतःच्या नावाचे खाते उघडावे, शक्यतो कर्ज नसलेल्या बँकेत. ते पॅनशी जोडून आयकर पोर्टलवर प्रमाणित करावे आणि रिफंडसाठी तेच निवडावे.

३. वसुलीवाल्यांच्या दबावाखाली कोणत्याही नव्या कागदावर सही करू नये.

४. पैसे कापले गेले तर शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

५. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. कर्जत आणि खालापूर न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

कर्ज बुडवा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याने घेतले त्याने बँकेत जाऊन हप्ते कमी करून मुदत वाढवून मागावी. हप्ता थकण्याआधी गेले तर बोलणे सोपे जाते. बायकोने आपल्या पैशातून मदत करायची की नाही, हे तिने ठरवावे. तिला न विचारता तिचा पैसा जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कार्यकर्त्यांना विनंती : विहारात रविवारी जमतो तेव्हा अर्धा तास काढा. ज्यांच्या घरी शैक्षणिक कर्ज आहे त्यांना कागद आणायला सांगा आणि सोबत बसून वाचा. शिकण्यासाठी काढलेले कर्ज न वाचलेल्या कागदामुळे घर मोडायला कारण होऊ नये.