पंचावन्न दिवसांचे दफ्तर

एकविसाव्या शतकारंभीच्या इटालियन चित्रपटाची कथा सांगू लागले, की नान्नी मोरेत्ती याला २००१ साली कान येथे मिळालेल्या सर्वोच्च पारितोषिकापासून आरंभ करावा आणि 'गोमोर्रा'ला वळसा घालून सोर्रेंतिनोच्या ऑस्करपाशी थांबावे, असा परिपाठच पडला आहे. तो वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळे मी तो सोडून देतो. माझे मन अनेक वर्षे गुंतून राहिले आहे ते या चित्रसृष्टीच्या दारात पुनःपुन्हा येऊन उभ्या राहणाऱ्या एका मृत पुरुषामध्ये, आल्दो मोरो यांच्यामध्ये.

मोरो हे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे अध्यक्ष आणि पाच मंत्रिमंडळांचे पंतप्रधान. कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर उभे राहणारे आंद्रेओत्तींचे मंत्रिमंडळ ज्या दिवशी संसदेसमोर यावयाचे होते त्याच दिवशी, १६ मार्च १९७८ रोजी, रेड ब्रिगेड्स या जहाल डाव्या दहशतवादी संघटनेने रोममध्ये मोरोंचे पाच अंगरक्षक ठार करून त्यांना पळविले. ९ मे रोजी एका तांबड्या रेनॉ मोटारीत त्यांचे प्रेत मिळाले. मधल्या पंचावन्न दिवसांत हा बंदिवान लिहीत होता. सहकाऱ्यांना, पोपना, पत्नीला लिहिलेल्या त्या पत्रांत देवघेव करून प्राण वाचविण्याची विनंती होती, आणि पुढे पुढे आपल्या पक्षाविषयीचा कडवट निवाडाही होता. वाटाघाट करावयाची नाही असा निर्धार केलेल्या सरकारला हे कागद गैरसोयीचे झाले, तेव्हा अशी भूमिका घेण्यात आली की हस्ताक्षर मोरोंचे असले तरी नैतिक दृष्ट्या मजकूर त्यांचा मानता येत नाही. जन्मभर ज्यांच्याबरोबर राजकारण केले त्यांनीच माणूस जिवंत असताना त्याचा शब्द बेवारस ठरवावा, ही गोष्ट मला त्या हत्येइतकीच भयंकर वाटते.

या निवाड्याविरुद्ध प्रथम उभा राहिला तो सिसिलियन कादंबरीकार लेओनार्दो शाशा. त्याने १९७८ सालीच या प्रकरणावर पुस्तक लिहून, ही पत्रे भानावर असलेल्या मोरोंचीच आहेत, असे त्यांच्या ओळीओळींतून दाखविले. पुढे कागदांनीही आपली साक्ष दिली. ऑक्टोबर १९७८ मध्ये मिलानच्या मोन्ते नेवोसो रस्त्यावरील रेड ब्रिगेड्सच्या एका घरात, बंदिवासात घेतलेल्या मोरोंच्या जाबजबाबांची टंकलिखित पाने पोलिसांच्या हाती लागली होती. बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९९० मध्ये, त्याच घराची दुरुस्ती करताना एका कामगाराने खिडकीखालचा पडदीवजा आडोसा काढला, तो त्यामागे मोरोंच्या हस्तलिखिताच्या चारशेहून अधिक पानांच्या छायाप्रती निघाल्या. झडती झालेल्या घरात एवढे दफ्तर बारा वर्षे कसे राहिले, यावर इटलीत अद्यापि वाद चालतात.

अशा वादांवर चित्रपट पोसले जातात. रेन्झो मार्तिनेल्ली याचा 'पियाझ्झा देल्ले चिंक्वे लुने' (२००३) हा कटकारस्थानांच्या मागे धावता धावता मोरोंनाच विसरतो. मार्को बेलोक्किओने त्याच वर्षी 'बुओनजोर्नो, नोत्ते' काढला, आणि मोरोंना ज्या घरात कोंडले होते त्या घराची मालकीण असलेल्या आन्ना लाउरा ब्राघेत्ती हिच्या आठवणींचा आधार घेऊनही त्याने नाव, स्वभाव आणि शेवट यांत यथेच्छ फेरफार केला. माया सान्साने साकारलेली किआरा दिवसा ग्रंथालयात नोकरी करते, आणि घरी आल्यावर पुस्तकांच्या कपाटामागील कोठडीच्या छिद्राला डोळा लावते; आत रोबेर्तो हेर्लित्स्काचे मोरो खाटेवर बसून संथपणे लिहीत असतात.

या चित्रपटाचा गाभा म्हणजे मोरोंच्या पत्राच्या वाचनाचा प्रसंग. पत्र ऐकू येत असतानाच त्याची जागा दुसरी पत्रे घेतात, फॅसिस्टांविरुद्ध लढून देहदंडाला सामोऱ्या गेलेल्या क्रांतिकारकांनी शेवटच्या रात्री घरी लिहिलेली. आणि पडद्यावर रोस्सेलिनीच्या 'पाइसा' या चित्रपटातील, पो नदीत ढकलले जाणारे बंदिवान दिसू लागतात. स्वतःला त्या वीरांचे वारस म्हणविणाऱ्या तरुणांनी ज्याला कोंडले आहे, तोच त्या वीरांच्या स्वरात बोलतो आहे! शाशाने पुस्तकभर जे सिद्ध केले ते बेलोक्किओ दोन आवाज एकमेकांत मिसळून सिद्ध करतो; पत्रांच्या अस्सलपणाबद्दल याहून समर्थ पुरावा मला ठाऊक नाही.

शेवटाबद्दल इतिहासाभिमानी मंडळी रुष्ट झाली, कारण किआराच्या स्वप्नात मोरो दार उघडून पहाटेच्या रस्त्यावर चालू लागतात. मला हा शेवट सर्वस्वी न्याय्य वाटतो. त्याच्याजवळच बेलोक्किओने खऱ्या राजकीय श्राद्धविधीची दूरदर्शनवरील दृश्ये जोडली आहेत: पोप आणि सारे सत्ताधीश उपस्थित, परंतु प्रेत नाही, कारण सत्ताधीशांना माझ्या अंत्यविधीला बोलावू नका, असे मोरोंनी लिहून ठेवले होते, आणि कुटुंबाने ते पाळून तोरिता तिबेरिना या खेड्यात त्यांना आधीच पुरले होते.

सोर्रेंतिनोच्या 'इल दिव्हो' (२००८) मध्ये हेच मोरो आंद्रेओत्तींच्या मनाला छळीत राहतात. बेलोक्किओचेही समाधान झाले नाही. २०२२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्याने 'एस्तेर्नो नोत्ते' ही सहा भागांची मालिका केली, आणि तिचा आरंभच कल्पनेत सुटून आलेल्या मोरोंच्या रुग्णशय्येपासून केला. मोरोंची भूमिका त्याने फाब्रित्सिओ जिफुनीला दिली. या नटाने तत्पूर्वीच ती पत्रे आणि ते जाबजबाब रंगभूमीवर श्रोत्यांपुढे वाचून दाखविले होते.