मागच्या चाकांवर वळणारी गाडी

अमेरिकेतल्या नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा या राज्यांतल्या मांसप्रक्रिया कारखान्यांत सुरीपासून बचाव म्हणून कामगार हातात पोलादी जाळीचे मोजे चढवतात. मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टपासून वाचवणारा मोजा मात्र अजून निघालेला नाही. तिथे कारखान्याची आखणीच कामाला येते.

ही गाडी मुळातच चमत्कारिक. पुढच्या पात्यांवर माल, मागे त्याला तोलून धरणारं वजन आणि वळण घेणारी चाकं मागची. म्हणून वळताना तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि शेजारून चालणारा माणूस नेमका त्याच्या तडाख्यात सापडतो. पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मध्य मिळून एक त्रिकोण होतो. गाडी आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य त्याबाहेर गेला की गाडी उलटते. माल उंच धरून झपकन वळणं म्हणूनच घातक. उलटणाऱ्या गाडीतून उडी मारू पाहणारा बहुधा तिच्याच छताखाली सापडतो. पट्टा लावून आत बसून राहण्यातच शहाणपण.

मांसाच्या कारखान्यात या धोक्यांत भरच पडते. ‘कॉम्बो’ म्हणजे पॅलेटवर ठेवलेलं पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं. त्यात नऊशे किलोच्या आसपास मांसाचे तुकडे मावतात. ते उचललं की ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, म्हणून गाडी उलटी चालवायची. जमिनीवर पाणी आणि चरबी. उणे १८ अंशांच्या शीतगृहाच्या दाराशी बाहेरची दमट हवा थंडीला भिडते, तिथे धुकं दाटतं आणि फरशीवर बर्फ धरतो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचू नये म्हणून गाड्या बॅटरीवरच्या. पण त्या जवळजवळ आवाजच करत नाहीत. त्यात यंत्रांच्या गोंगाटामुळे कामगारांच्या कानांत बोळे. मग हॉर्नच्या जोडीला गाडीच्या पुढे जमिनीवर निळा प्रकाश पाडतात.

ट्रकमध्ये माल भरतात त्या डॉकवर धोका वेगळा. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना बसणाऱ्या धक्क्यांनी ट्रेलर इंच-इंच पुढे सरकतो. कधी ट्रकवाला घाईत निघूनच जातो. त्यावर उपाय म्हणजे चाकांना उटी, ट्रेलर अडकवणारा आकडा, लाल-हिरवे दिवे आणि माल भरून होईपर्यंत ट्रकची किल्ली डॉकवाल्याकडे.

अमेरिकी कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला फोर्कलिफ्ट चालवता येत नाही. ड्रायव्हरची परीक्षा प्रत्यक्ष गाडीवर घ्यावी लागते, दर तीन वर्षांनी त्याचं काम पुन्हा तपासावं लागतं आणि प्रशिक्षण त्याला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. स्पॅनिश, सोमाली बोलणाऱ्या कामगारांच्या या उद्योगात ही अट महत्त्वाची ठरते. तरीही अपघात झाला की ‘ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

खरं तर सीमा आखणं या उद्योगाला छान जमतं. कच्च्या मांसाच्या विभागातली फोर्कलिफ्ट शिजवलेल्या मालाच्या विभागात येऊ देत नाहीत, कारण चाकांवरून लिस्टेरियाचे जंतू पसरतात. त्यासाठी गाड्या वेगळ्या, रस्ते वेगळे. तीच काटेकोर वाटणी माणसं आणि गाड्या यांच्यातही हवी: पायवाटेला रंगाचा पट्टा पुरत नाही, लोखंडी कठडा लागतो, आणि शिफ्ट बदलताना, शेकडो माणसं एकाच दारातून जात असतात त्या वेळी, तिथल्या गाड्या उभ्याच हव्यात. मालासाठी जे करता येतं, ते माणसांसाठी परवडत नाही असं कुठलाच कारखाना म्हणू शकत नाही.