रेल्वेवरील जुन्या पुलांची पुनर्बांधणी : विलंब आणि नागरी जीवन
(अंधेरी येथील गोखले पुलाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मुंबई शहराची रचना दक्षिणोत्तर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर पहिली आगगाडी धावली आणि पुढील काही दशकांत मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांनी शहराची उभी विभागणी केली. रेल्वेने उत्तर-दक्षिण प्रवास सुलभ केला. परंतु पूर्व-पश्चिम जाण्यासाठी रूळ ओलांडणे अपरिहार्य ठरले. या गरजेतून रुळांवर पूल उभे राहिले. कर्नाक पूल १८६८ मध्ये, हँकॉक पूल १८७९ मध्ये, बेलासिस पूल १८९३ मध्ये आणि शीव येथील पूल १९१२ मध्ये बांधला गेला. बैलगाडी, व्हिक्टोरिया आणि तुरळक मोटारी यांच्यासाठी उभारलेल्या या पुलांवरून पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वाढती वाहतूक जात राहिली.

हे पूल आता एकापाठोपाठ एक पाडले जात आहेत व त्यांच्या जागी नवे बांधले जात आहेत. त्यासाठी लागणारा काळ आणि त्या काळात नागरिकांना सोसावी लागणारी गैरसोय हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे. ही चर्चा बहुधा 'कंत्राटदाराची दिरंगाई' किंवा 'प्रशासनाची अनास्था' या शब्दांवर येऊन थांबते. परंतु विलंबाची मीमांसा एवढ्याने पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात अंधेरी येथील गोपाळ कृष्ण गोखले पुलाचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून या विलंबाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) रेल्वेवरील पुलाच्या पुनर्बांधणीची प्रक्रिया समजून घेणे.
२) विलंबाच्या तांत्रिक व प्रशासकीय कारणांचा परस्परसंबंध तपासणे.
३) पूल बंद असण्याच्या काळातील सामाजिक भार कोणावर पडतो, याचा विचार करणे.

गोखले पूल : घटनाक्रम

अंधेरी पूर्व व पश्चिम यांना जोडणारा गोखले पूल १९७५ मध्ये बांधण्यात आला. वर उल्लेखिलेल्या पुलांच्या तुलनेत तो तरुणच म्हणावा लागेल. तरीही ३ जुलै २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, या पुलाचा पादचारी भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. जखमींपैकी दोघांचा पुढे मृत्यू झाला. गर्दीच्या वेळेची एक लोकल त्याच सुमारास तेथे येत होती. मोटरमनने तातडीने ब्रेक लावल्यामुळे मोठा अनर्थ टळला. यानंतर देखभालीची जबाबदारी कोणाची, यावरून रेल्वे व महानगरपालिका यांच्यात जाहीर वाद झाला.

मुख्य मार्गिकांवरील वाहतूक त्यानंतरही चालू होती. पुनर्बांधणीची प्रक्रिया याच काळात सुरू झाली. मात्र ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पूल धोकादायक ठरवून वाहतुकीसाठी पूर्णपणे बंद करण्यात आला, तेव्हा रुळांवर बसवावयाचे गर्डर तयार नव्हते. २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत पश्चिम रेल्वेने रुळांवरील जुना भाग काढला. दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत खुल्या करण्याचे प्रारंभीचे लक्ष्य होते. ते नोव्हेंबर २०२३ व त्यानंतर फेब्रुवारी २०२४ असे पुढे गेले. पहिला गर्डर डिसेंबर २०२३ च्या प्रारंभी रुळांवर सरकवण्यात आला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुलाची एक बाजू आणि ११ मे २०२५ रोजी संपूर्ण पूल वाहतुकीसाठी खुला झाला.

या तारखांचे साधे गणित बोलके आहे. पूल बंद झाल्यापासून पूर्णपणे खुला होईपर्यंत अडीच वर्षे लागली. ही अडीच वर्षे सर्वांच्या लक्षात राहिली. परंतु दुर्घटनेपासून पूल बंद होईपर्यंत चार वर्षे चार महिने गेले होते, याची नोंद क्वचितच घेतली जाते. जनमानसात विलंबाची मोजणी पूल बंद झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. वस्तुतः विलंबाचा मोठा भाग पूल चालू असतानाच घडून गेलेला असतो. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

एक पूल, दोन यंत्रणा

रेल्वेवरील पूल दिसायला अखंड असला तरी प्रशासकीय दृष्ट्या तो तीन तुकड्यांचा असतो. दोन्ही टोकांचे चढ-उताराचे रस्ते महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात, तर रुळांच्या वरचा भाग रेल्वेच्या नियंत्रणाखाली असतो. महानगरपालिकेने खर्च उचलला तरी रेल्वेच्या हद्दीत एक खांबही रेल्वेच्या मंजुरीविना उभारता येत नाही. पुलाचा सर्वसाधारण आराखडा, गर्डरचे संरचनात्मक आरेखन, गर्डर बसवण्याची पद्धत या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र मान्यता लागते. त्याखेरीज रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी असते. हे पद रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रशासकीय कक्षेत आहे.

गोखले, हँकॉक आणि कर्नाक या तिन्ही पुलांच्या बाबतीत एक समान सूत्र आढळते. जुना पूल रेल्वेने पाडला आणि नवा पूल महानगरपालिकेने बांधला. पाडणाऱ्या यंत्रणेचे काम रूळ मोकळे झाले की संपते. बांधणाऱ्या यंत्रणेचे काम तेथून पुढे सुरू होते. दोन्ही कामे आपापल्या जागी वेळेत झाली तरी त्यांच्या मधल्या काळाची जबाबदारी कोणाचीच नसते. हँकॉक पूल ९ व १० जानेवारी २०१६ रोजी अवघ्या १८ तासांच्या ब्लॉकमध्ये पाडण्यात आला. त्या जागी नवा पूल खुला होण्यास १ ऑगस्ट २०२२ उजाडले. कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये हटवण्यात आला. नवा पूल १० जुलै २०२५ रोजी 'सिंदूर पूल' या नावाने सुरू झाला. पाडण्याचा काळ तासांत आणि बांधण्याचा काळ वर्षांत मोजावा लागणे, हे या कामाच्या अंगभूत कठीणपणाचे द्योतक आहेच. परंतु पूर्वतयारीच्या अभावाचेही आहे.

विलंबाची तांत्रिक बाजू

पहिली अडचण वेळेची. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतून दररोज सत्तर लाखांहून अधिक प्रवासी प्रवास करतात. मध्यरात्रीनंतरची शेवटची लोकल आणि पहाटेची पहिली लोकल यांमध्ये जेमतेम काही तास उरतात. रुळांवरील काम या काही तासांच्या 'ब्लॉक'मध्येच करावे लागते. वीजप्रवाह बंद करणे, यंत्रे आत आणणे, काम करणे, रूळ तपासून पुन्हा गाड्यांसाठी मोकळे करणे या सर्वांतून प्रत्यक्ष कामासाठी मिळणारा वेळ आणखी आक्रसतो. एक ब्लॉक हुकला तर पुढचा मिळेपर्यंत दिवस किंवा आठवडे जातात.

दुसरी अडचण जागेची. गोखले पुलाचा प्रत्येक गर्डर सुमारे ९० मीटर लांब, साडेतेरा मीटर रुंद आणि सुमारे १३०० टन वजनाचा आहे. त्याचे सुटे भाग अंबाला येथील कारखान्यात तयार होऊन रस्त्याने मुंबईत आले. पुलाच्या जागीच ते जोडून, मग गर्डर आडवा सरकवून, शेवटी सुमारे साडेसात मीटर खाली उतरवून बसवण्यात आला. या साखळीतील एक कडी ढिली पडली तरी सर्व वेळापत्रक कोलमडते. २०२३ मध्ये पोलादाच्या पुरवठ्यात खंड पडला आणि उत्तर भारतातील पुराने त्यात भर घातली, तेव्हा याचा प्रत्यय आला.

तिसरी अडचण उंचीची, आणि ती सर्वांत उद्बोधक आहे. मुंबईची उपनगरी सेवा पूर्वी १५०० व्होल्ट एकदिश विद्युतप्रवाहावर चालत असे. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत ती २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आणण्यात आली. अधिक दाबाच्या तारेपासून पुलाचा तळ अधिक दूर असावा लागतो. त्यामुळे जुने ठेंगणे पूल गाड्यांच्या मार्गातील अडथळा ठरले. हँकॉक पूल पाडण्यामागे हेही एक कारण होते. नवे पूल रेल्वेच्या सुधारित निकषांनुसार अधिक उंच बांधावे लागतात.

गोखले पुलाच्या बाबतीत या उंचीचा परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसला. जुन्या पुलाला पश्चिमेकडून बर्फीवाला उड्डाणपूल जोडलेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा पूल खुला झाला तेव्हा या दोन पुलांच्या पातळीत सुमारे दीड ते दोन मीटरचे अंतर असल्याचे नागरिकांना दिसले आणि टीकेची झोड उठली. पुढे व्हीजेटीआय व आयआयटी मुंबई या संस्थांच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पुलाची एक बाजू हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने उचलण्यात आली आणि जुलै २०२४ च्या प्रारंभी जोडणी सुरू झाली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम कौतुकास्पदच होते. तथापि रुळांवरील उंची ठरली त्याच वेळी तिचा परिणाम शेजारच्या पुलापर्यंत मोजला गेला असता, तर ते स्वतंत्रपणे हाती घ्यावे लागले नसते. तांत्रिक म्हणून दिसणारी ही अडचण मुळात दोन यंत्रणांच्या सांध्यावरची होती.

गैरसोयीचा सामाजिक भार

पूल बंद होताच त्यावरील वाहतूक नाहीशी होत नाही. ती अन्य मार्गांवर सरकते. गोखले पूल बंद असताना अंधेरी सबवे, विलेपार्ले येथील कॅप्टन गोरे उड्डाणपूल, मिलन उड्डाणपूल आणि जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल यांच्यावर भार आला. त्यांपैकी अंधेरी सबवे पावसाळ्यात पाण्याखाली जाण्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या ऋतूत पर्यायाची निकड सर्वाधिक असते, त्याच ऋतूत तो हमखास बंद पडतो.

या गैरसोयीचे वाटप समान नसते. मोटारीने जाणाऱ्यास वेळ व इंधन अधिक लागते. पायी जाणारा विद्यार्थी, फेरीवाला, घरकाम करणारी स्त्री किंवा वृद्ध यांच्यासाठी मात्र मार्गच तुटतो. हँकॉक पुलाच्या बाबतीत पर्यायी पादचारी पूल उपलब्ध न झाल्याने लोक थेट रूळ ओलांडू लागले आणि हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात गेला. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला, तेव्हा परळच्या केईएम, टाटा व वाडिया रुग्णालयांकडे पश्चिमेकडून येणाऱ्या रुग्णांचा प्रश्न पुढे आला. रुग्णवाहिकेसाठी लांबलेला प्रत्येक किलोमीटर ही केवळ वाहतुकीची बाब राहत नाही.

या भारामुळेच पूल बंद करण्याचा निर्णयही लांबतो. शीव पूल जानेवारी २०२४ पासून बंद करण्याचे ठरले होते. स्थानिकांचा विरोध, दहावी-बारावीच्या परीक्षा व लोकसभा निवडणूक अशा कारणांनी ते पुढे जात राहिले आणि अखेर १ ऑगस्ट २०२४ रोजी तो बंद झाला. एल्फिन्स्टन पूल बंद करण्याचा एप्रिल २०२५ मधील प्रयत्न लगतच्या इमारतींतील रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या मागणीमुळे थांबला होता. हा विरोध अडवणूक म्हणून पाहणे योग्य नव्हे. पुनर्वसन, परीक्षा, रुग्णसेवा यांचा विचार नियोजनात आधी झाला नाही की तो आंदोलनाच्या रूपाने नंतर पुढे येतो. मात्र प्रत्येक पुढे ढकललेल्या महिन्यात जीर्ण पुलावरून वाहतूक चालूच राहते, ही दुसरी बाजूही दृष्टिआड करता येत नाही. २०१८ च्या दुर्घटनेचा धडा तोच आहे.

पर्यायांचा विचार

वरील विवेचनावरून काही दिशा सूचित होतात. पहिली, जुना पूल चालू असतानाच नवा उभारणे. दादरच्या टिळक पुलाच्या बाबतीत जुन्या पुलाशेजारी नवा केबल-आधारित पूल बांधण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. दाट वस्तीत प्रत्येक ठिकाणी अशी जागा मिळणार नाही; परंतु जेथे ती शक्य आहे तेथे हा मार्ग श्रेयस्कर आहे. दुसरी, जेथे पूल पाडणे अटळ आहे तेथे पाडण्यापूर्वी पादचाऱ्यांसाठी तात्पुरता पूल उभारणे आणि गर्डरचे बरेचसे भाग तयार असणे ही पूर्वअट मानणे. तिसरी, पाडणे व बांधणे एकाच यंत्रणेकडे सोपवणे. राज्य शासन व रेल्वे मंत्रालय यांच्या संयुक्त भागीदारीतील 'महारेल' या महामंडळाकडे असे अनेक पूल देण्यात आले, त्यामागे हाच विचार दिसतो. अर्थात संयुक्त महामंडळ स्थापन केल्याने स्थानिक रस्ते, जलवाहिन्या व वीजतारा यांच्याशी असलेला महानगरपालिकेचा संबंध संपत नाही. समन्वयाची गरज उरतेच.

समारोप

रेल्वेवरील पुलाचे आयुर्मान अकस्मात संपत नाही. त्याचे बांधकाम वर्ष ज्ञात असते, त्याची तपासणी होत असते, रेल्वेचे बदललेले निकषही आधीपासून ठाऊक असतात. म्हणून पूल अचानक बंद करावा लागणे हे नियोजन उशिरा सुरू झाल्याचे लक्षण मानावे लागते. गोखले पुलाच्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की, काम सुरू झाल्यानंतरचा विलंब हा बहुतांशी काम सुरू होण्यापूर्वीच्या विलंबाचे फलित असतो. बंद पुलाच्या अडीच वर्षांचा जाब नागरिक विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु चालू असलेल्या जीर्ण पुलावरील चार वर्षांचा जाब विचारण्याची सवय समाजाला लागली, तर पुढील पुलांच्या बाबतीत अपघात आणि दीर्घकालीन गैरसोय या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची वेळ शहरावर येणार नाही.